मूळ टेप आणि मानवंदना

एखाद्या बँडची गाणी इतर कलाकारांनी त्याच्याविषयीच्या आदरापोटी पुन्हा गाऊन-वाजवून काढली, की त्या संचाला ट्रिब्यूट अल्बम म्हणतात. बीटल्सच्या वाट्याला अशा मानवंदना अमाप आल्या. त्यांतल्या बहुतेक ऐकताना बीटल्सवर जीव असलेला श्रोता तीन-चार गाण्यांनंतर उठतो आणि मूळ तबकडी लावतो. गायक नामवंत असतात, वादक तयारीचे असतात, यंत्रे मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळेपेक्षा कितीतरी पुढची असतात. चाल तीच, शब्द तेच, आणि तरी हाती काही लागत नाही. असे का होते, याचा उलगडा श्रोत्यापेक्षा ध्वनिमुद्रकाला लवकर होतो, कारण मूळ गाणे आणि नवे गाणे आलटून पालटून लावत तास न् तास बसणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो. पुढचे विवेचन मुख्यतः त्या खुर्चीवरून दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टींचे आहे.

मूळ ध्वनिमुद्रणे कशी झाली ते आधी पाहायला हवे. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओच्या दोन नंबरच्या दालनात ११ फेब्रुवारी १९६३ रोजी एका दिवसात दहा गाणी मुद्रित झाली आणि ‘प्लीज प्लीज मी’ हा चौदा गाण्यांचा पहिला अल्बम पुरा झाला. टेप दोन ट्रॅकची होती. म्हणजे चौघांनी एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवायचे आणि चुकले तर पहिल्यापासून सुरुवात करायची. जॉन लेनन यांना त्या दिवशी सर्दी होती, घसा दुखत होता. ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते गाऊन झाल्यावर आवाज उरणार नव्हता. पहिला टेक तबकडीवर गेला. दुसरा करून पाहिला, पण आवाज खरोखरच संपला होता. त्या गाण्यात ऐकू येते ते घासलेपण दिवसभराच्या श्रमाचे आहे. नव्या गायकाने विश्रांती घेऊन, गरम पाणी पिऊन, घसा मुद्दाम खरखरीत करून तेच गाणे म्हटले, की माईकपुढे तो अभिनय लगेच उघडा पडतो.

त्याच अल्बममधली सहा गाणी बीटल्सची नव्हती, दुसऱ्यांची होती. ‘ट्विस्ट अँड शाउट’ त्यांपैकीच एक. तेव्हा दुसऱ्याचे गाणे गाणे हाच दोष, असे म्हणता येत नाही.

कव्हरचे, म्हणजे दुसऱ्याचे गाणे नव्याने मुद्रित करण्याचे, काम स्टुडिओत आले, की ध्वनिमुद्रक आधी मूळ गाणे सेशनमध्ये ‘रेफरन्स’ म्हणून एका ट्रॅकवर ठेवतो आणि त्याची लय मोजून क्लिक, म्हणजे वादकांच्या कानात वाजणारा एकसारखा ठोका, लावतो. पहिली अडचण इथेच येते. मूळ वादन क्लिकशिवाय झालेले असल्याने ते आजच्या आखीव जाळ्यात बसत नाही. ध्रुवपदाकडे जाताना लय किंचित पुढे सरकते, कडव्यावर परतताना बसते. हा फरक इतका बारीक असतो की तो ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो. क्लिकवर वाजवलेल्या कव्हरमध्ये पहिली मात्रा आणि शेवटची मात्रा एकाच मापाच्या निघतात. चुकीचे काहीच नसते, पण गाणे पुढे जायला मागत नाही.

मुंबईच्या उपनगरातल्या एका छोट्या स्टुडिओत हौशी बँडसाठी झालेल्या अशाच एका कामात पूर्ण दुपार ‘अ हार्ड डेज नाइट’च्या सुरुवातीच्या एका फटक्यावर गेली. गाणे सुरू होण्याआधी तो कॉर्ड एकदाच वाजतो आणि घुमत विरतो. गिटारवादकाने त्यासाठी बारा तारांची गिटार भाड्याने आणली होती, तारा नव्या चढवल्या होत्या, बोटे कुठे ठेवायची त्याचा आराखडा वहीत काढून आणला होता. माईकमध्ये घरघर येऊ नये म्हणून एसी बंद केलेला. पहिला फटका वाजला तेव्हा स्वर अगदी बरोबर होते आणि आवाज मात्र पत्र्यासारखा पातळ. मूळ गाणे लावले, पुन्हा नवा टेक ऐकला, पुन्हा मूळ. मग बासवर खालचा डी धरला, तेव्हा थोडे वजन आले. साध्या गिटारचा एक थर दिला. तरीही मूळ आवाजाच्या तळाशी असलेली ती पितळी झाक येईना. शेवटी कीबोर्डवाल्याला पियानोचा आवाज लावून खालच्या सप्तकात तोच कॉर्ड अगदी हलक्या हाताने धरायला सांगितला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. मूळ ध्वनिमुद्रणात जॉर्ज हॅरिसन यांची बारा तारांची रिकेनबॅकर, लेनन यांची गिटार, पॉल मॅकार्टनी यांचा बास आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा पियानो असे सगळे त्या एका क्षणात मिसळले आहेत. वहीतला आराखडा चुकला नव्हता, पण तो फक्त एका वाद्याचा होता.

चार तासांनी तो फटका मुळाजवळ आला. त्यानंतर बँडने गाणे वाजवायला घेतले, तेव्हा गायक घामाने भिजला होता, ड्रमरचे मनगट थंड पडले होते आणि कोणालाच ते गाणे वाजवायची इच्छा राहिली नव्हती. १६ एप्रिल १९६४ रोजी बीटल्सनी ते संपूर्ण गाणे, त्या फटक्यासकट, नऊ टेकमध्ये एका दिवसात पुरे केले होते. तो कॉर्ड त्यांच्यासाठी गाण्यात उडी घेण्याचा क्षण होता. मागून येणाऱ्यांसाठी तो सोडवायचा प्रश्न झाला. ट्रिब्यूट अल्बममधल्या निराशेचे मोठे कारण इथे सापडते. मूळ कलाकारांनी शोधून काढलेली गोष्ट नव्या कलाकाराला सिद्ध करून दाखवावी लागते, आणि सिद्धतेच्या त्या धडपडीत गाण्याचा आनंद आटतो.

पुढची अडचण पट्टीची. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’चे काम नोव्हेंबर १९६६ मध्ये सुरू झाले. त्याचे दोन वेगळे अवतार मुद्रित झाले: एक हलका, बँडपुरता, दुसरा ट्रम्पेट आणि चेलो घेतलेला, जास्त वेगाचा आणि वेगळ्या पट्टीतला. लेनन यांना पहिल्याची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. दोन्ही जोडून द्या, असे त्यांनी मार्टिन यांना सांगितले. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी टेपचा वेग कमी-जास्त करून सातवा आणि सव्विसावा टेक एकमेकांना जुळवला आणि गाण्याच्या पहिल्या मिनिटाच्या आसपास टेप कापून सांधली. वेग बदलला की स्वरही सरकतो. म्हणून ते गाणे ना धड पांढरी सहामध्ये आहे, ना काळी पाचमध्ये. दोहोंच्या मधल्या फटीत कुठेतरी आहे. लेनन यांचा आवाजही तिथे जड, झोपेतून आल्यासारखा झाला आहे. कव्हर करणारा बँड स्वाभाविकपणे एक पट्टी निवडतो, वाद्ये सुरात लावतो आणि गाण्यातले ते धुके पहिल्याच ओळीत निघून जाते.

‘इन माय लाइफ’च्या मधल्या तुकड्याचेही तसेच. तो तुकडा ऐकणाऱ्याला हार्प्सिकॉर्ड वाटतो. प्रत्यक्षात मार्टिन यांनी १९६५ मध्ये तो पियानोवर, टेप निम्म्या वेगाने चालवून, एक सप्तक खाली वाजवला. टेप नेहमीच्या वेगाने लावल्यावर पियानोचे सूर तोकडे आणि टोकदार झाले. कीबोर्डवर हार्प्सिकॉर्डचे बटण दाबून वाजवणाऱ्याला स्वर मिळतात, ती टोके मिळत नाहीत. कामाची सवय असलेल्याला हे दोन सेकंदांत कळते.

ड्रमचा आवाज हे तर वेगळेच प्रकरण. १९६६ मध्ये ‘टुमॉरो नेव्हर नोज’च्या वेळी वीस वर्षांच्या एमेरिक यांनी बास ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माईक तेव्हाच्या नियमांना न जुमानता ड्रमच्या अगदी जवळ नेला. पुढे रिंगो स्टार यांच्या ड्रमवर भांडी पुसायची फडकी पसरलेली असत. त्या दबक्या, मऊ ठोक्यांमुळे गाण्यात आवाजाला जागा मिळते. नव्या अल्बममधले ड्रम बहुधा तयार नमुन्यांनी भक्कम केलेले असतात. ते चांगलेच वाजतात, पण सगळ्यांवर पसरतात.

आणि आवाज. चौघांपैकी तिघे बहुधा मिळून गात असत आणि अनेकदा एकाच माईकभोवती उभे राहून गात असत. कोण किती जवळ यायचे, कोणी मान मागे घ्यायची, हे मिक्सिंग तिथेच, उभ्या उभ्या होत असे. ऑगस्ट १९६९ मध्ये ‘बिकॉज’साठी लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांनी तीन सुरांची जोड तीन वेळा गायली, म्हणून तिथे नऊ आवाज आहेत, पण माणसे तीनच, आणि तीही किशोरवयापासून एकत्र गाणारी. आज हेच काम एक गायिका वा गायक एकटा करतो, एकेक थर देतो, प्रत्येक थर संगणकावर सुरात आणला जातो. ऐकायला ते गुळगुळीत होते. तीन गळ्यांच्या घर्षणातून येणारी ऊब त्यात येत नाही. १९६६ मध्ये स्टुडिओचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी एकच आवाज टेपवर आपोआप दुहेरी करण्याची युक्ती काढली, तिच्यामागे लेनन यांचा पुन्हा पुन्हा गाण्याचा कंटाळा होता. तिथेही गळा एकच होता, पण यंत्राचा किंचित डळमळणारा वेग त्यात मिसळत असे.

ट्रॅकच्या संख्येचा मुद्दाही लहान नाही. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ १९६७ मध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चार भरले की ते एकावर उतरवायचे आणि पुन्हा तीन मोकळे करायचे. असे उतरवले की त्यातला बास कमी-जास्त करण्याची सोय संपली. ‘ए डे इन द लाइफ’मध्ये चाळीस वादकांचा वाद्यवृंद घेण्यासाठी दोन यंत्रे एकत्र चालवावी लागली. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावाच लागे, आणि तो घेणारे पाच-सहा जण त्याच इमारतीत असत. आजच्या सेशनमध्ये ट्रॅक हवे तितके असतात आणि निर्णय मिक्सपर्यंत ढकलता येतात. ट्रिब्यूट अल्बममध्ये तर दर गाण्याचा गायक वेगळा, निर्माता वेगळा, स्टुडिओ वेगळा. शेवटी सगळी गाणी मास्टरिंग करणाऱ्याकडे येतात तेव्हा एक मोठ्याने बोलते, दुसरे कुजबुजते, तिसरे भलत्याच खोलीत वाजते. त्यांना एका माळेत ओवण्याचे काम त्याच्यावर पडते, आणि त्याच्या हातात असते ती फक्त आवाजाची पातळी. ‘रबर सोल’ किंवा ‘अ‍ॅबी रोड’ ऐकताना एका गाण्यातून दुसऱ्यात पाऊल पडते तसे इथे पडूच शकत नाही.

प्रत्यक्ष उदाहरणे पाहिली तर हेच दिसते. १९७६ मध्ये ‘ऑल धिस अँड वर्ल्ड वॉर टू’ या चित्रपटासाठी एल्टन जॉन, रॉड स्टुअर्ट, बी जीज अशा बड्या नावांनी बीटल्सची गाणी मोठ्या वाद्यवृंदासह गायली. वाद्यवृंदाच्या वजनाखाली गाणी दबली. त्याच वर्षी टॉड रंडग्रेन यांनी ‘फेथफुल’मध्ये ‘रेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ यांची जवळजवळ हुबेहूब नक्कल केली. कारागिरी म्हणून ती थक्क करणारी आहे आणि व्यवसायातल्या माणसाने ती अभ्यासावी इतकी बारीक आहे. पण एकदा कौतुक करून झाल्यावर ती पुन्हा लावावीशी वाटत नाही, कारण जे तिथे आहे ते सगळे मूळ तबकडीवर आधीच आहे. १९८१ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या ‘स्टार्स ऑन ४५’ने बीटल्ससारख्या आवाजांचे तुकडे टाळ्यांच्या ठेक्यावर जोडले आणि ती तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. खप आणि समाधान यांचा संबंध किती कमी असतो, हे त्यावरून कळते.

सर्वांत बोलके उदाहरण १९७८ चे. पीटर फ्रॅम्प्टन आणि बी जीज यांच्या ‘सार्जंट पेपर्स’ चित्रपटाच्या दुहेरी अल्बमचे निर्माते खुद्द जॉर्ज मार्टिन होते. मूळ ध्वनिमुद्रण ज्या कानांनी घडवले तेच कान इथे होते, पैसा होता, उत्तम गायक होते. दुकानांत मोठ्या संख्येने गेलेल्या प्रती तशाच मोठ्या संख्येने परत आल्या. त्यातले अर्थ, विंड अँड फायर यांचे ‘गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ’ मात्र टिकले. त्यांनी ते आपल्या घरचे गाणे असल्यासारखे, आपल्या ब्रासच्या ढंगात वाजवले. वीस वर्षांनी, १९९८ मध्ये, मार्टिन यांनी ‘इन माय लाइफ’ हा निरोपाचा अल्बम काढला. त्यात रॉबिन विल्यम्स, जिम कॅरी यांच्यासारखे अभिनेतेही गातात आणि शॉन कॉनरी शीर्षकगीत गद्यात म्हणतात. प्रेम त्यात ओसंडून आहे. पण मार्टिन यांच्याकडे त्या चौघांचा हट्ट, भांडण आणि घाई नव्हती, आणि ते नसताना त्यांची सगळी जाण केवळ सुबक रचनेपर्यंत पोहोचते. जेफ बेक यांनी गिटारवर वाजवलेले ‘ए डे इन द लाइफ’ हा त्यातला अपवाद.

२००१ च्या ‘आय अ‍ॅम सॅम’ या चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. मूळ ध्वनिमुद्रणे वापरता आली नाहीत म्हणून इतरांकडून गाणी गाऊन घेतली गेली. चित्रपटाचे संकलन आधीच मूळ गाण्यांवर झाले असल्याने लय मुळाबरहुकूम ठेवावी लागली. लय बांधलेली, बाकी मोकळीक. साध्या गिटारवर, थोड्या वाद्यांत गायलेली ती गाणी नम्र आहेत आणि म्हणूनच बरी वाटतात. त्यांत थोर असे फारसे नाही, खटकणारेही नाही.

कायद्यानेही या प्रकाराला वाट दिली आहे. मूळ टेप वापरायची तर तिच्या मालकाची परवानगी लागते. गाणे नव्याने गायचे तर ठरलेले मानधन भरून काम भागते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती आणि तिच्या आधारावर १९८० च्या दशकात जुन्या हिंदी गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटी घरोघरी पोहोचल्या. वेष्टनाने श्रोत्याची दिशाभूल होऊ नये, अशी अटही कायद्यात घालण्यात आली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे होईपर्यंत व्हर्जन काढता येत नाही. त्या कॅसेटींवर ज्यांचे कान तयार झाले त्यांना मुकेश किंवा रफी मूळ आवाजात प्रथम ऐकताना जो धक्का बसला, तो बीटल्सच्या ट्रिब्यूटकडून मुळाकडे जाणाऱ्याच्या धक्क्यासारखाच होता.

यशस्वी कव्हर करणाऱ्यांनी मूळ आवाजाचा पाठलाग सोडून दिलेला असतो. जो कॉकर यांनी १९६८ मध्ये ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’चा चार मात्रांचा ठेका तीनच्या झोक्यावर नेला आणि रिंगो यांच्या सौम्य गाण्याची आर्त हाक केली. त्याच वर्षी अलाबामातल्या मसल शोल्समध्ये विल्सन पिकेट यांनी ‘हे जूड’ गायले. ते गावे हा आग्रह तरुण गिटारवादक डुएन ऑलमन यांचा. शेवटच्या भागात पिकेट यांचा आवाज आणि ऑलमन यांची गिटार एकमेकांना वर ढकलत नेतात, तेव्हा मूळ गाण्याची आठवणही होत नाही. १९७० मध्ये मेम्फिसच्या बुकर टी. अँड द एमजीज यांनी ‘अ‍ॅबी रोड’मधली बहुतेक गाणी शब्दांविना वाजवली, अल्बमला आपल्या स्टुडिओच्या रस्त्याचे नाव ‘मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यू’ दिले आणि मुखपृष्ठावर तोच रस्ता ओलांडला. एकच बँड, एकच ढंग, गाणी एकमेकांत गुंफलेली: ट्रिब्यूट अल्बम कसा असावा हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने इथून सुरुवात करावी.

मुंबईचा या साऱ्याशी एक थेट धागा आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’साठी ध्वनिमुद्रण केले, शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांच्यासारखे वादक त्यात होते. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चे वादनही त्याच दिवसांत तिथे मुद्रित झाले, गायन पुढे लंडनमध्ये जोडले गेले. स्टुडिओ अ‍ॅबी रोडसारखा बंदिस्त नव्हता, रस्त्यावरची रहदारी आत ऐकू येई. काम थांबले नाही.

उपनगरातल्या त्या बँडने दुसऱ्या दिवशी बारा तारांची गिटार परत पाठवली. ‘आयव्ह जस्ट सीन अ फेस’ गायिकेच्या गळ्याला सोसेल अशा पट्टीत घेतले. क्लिक काढला, दोन साध्या गिटार आणि तीन आवाज एका माईकभोवती उभे केले, कोणी किती मागे सरकायचे ते जमिनीवर चिकटपट्टीने खुणावले आणि ध्वनिमुद्रकाने रेफरन्सचा ट्रॅक सेशनमधून पुसून टाकला. तिसऱ्या टेकच्या शेवटी, स्वर विरत असताना, खालून एका रिक्षाचा हॉर्न आला. आणखी दोन टेक झाले. ऐकून झाल्यावर सगळ्यांनी तिसराच ठेवला.